मानसिक उपचारांचा सरकारी पैसा रुग्णानेच खर्चायचा?

पारंबी
मंडळी, आमच्या काळजीवाहूंच्या गटात या विषयावरून चांगलंच वाजलंय, म्हणून धागा काढतेय.

काही देशांत अशी सोय आहे: दीर्घकाळ मानसिक आजार असलेल्या माणसावर सरकार वर्षभरात जो पैसा खर्च करणार असतं, त्यातला काही भाग त्याच्या नावे बाजूला काढतात आणि तो कशावर खर्चायचा हे त्यानेच ठरवायचं. म्हणजे नेमून दिलेल्या केंद्रात आठवड्यातून दोनदा जाऊन ग्रीटिंग कार्डं रंगवण्याऐवजी तो म्हणू शकतो की मला समुपदेशक बदलून हवा, बाहेर पडताना सोबतीला माणूस हवा, पोहायला जायचंय, अर्धवट राहिलेला कोर्स पुरा करायचाय. इंग्लंडमध्ये याला 'पर्सनल हेल्थ बजेट' म्हणतात, अमेरिकेत 'सेल्फ-डायरेक्टेड केअर'. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टर, औषधं आणि तातडीचे उपचार यात धरत नाहीत, ते वेगळे चालूच राहतात.

माझ्या भावाला बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. आजवर त्याच्यासाठी जे काही मंजूर झालं ते ठरवताना त्याला कुणी विचारलेलं मला आठवत नाही. माझं मत: पैसा द्यावा. गटातल्या निम्म्या लोकांना हे ऐकूनच धडकी भरली. तुम्हाला काय वाटतं?

उचापती
पहिला! मनःस्वास्थ्याचं बजेट माझ्या हातात आलं तर आधी आमच्या साहेबांची बदली करून घेईन. खर्च पूर्णपणे उपचारात्मक.

निवडुंग
उचापती, साहेबांनी पण तोच अर्ज केला असेल तर?

हिशेबनीस
गंमत बाजूला. कल्पना चांगली आहे, पण हॉलंडचं काय झालं ते आधी वाचा. तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अशी योजना आहे, 'पीजीबी' म्हणतात. पैसे थेट लोकांच्या खात्यात जायचे. घेणारे वाढत गेले, खर्च भराभर फुगला आणि मधल्यामधे दलाल संस्था उगवल्या: "तुमचं बजेट आमच्याकडे द्या, आम्ही सगळं बघतो." बघितलं काय, तर पैसे. २०१२ मध्ये अटी कडक केल्या. २०१५ पासून बहुतेक प्रकारच्या सेवांसाठी पैसे खात्यात देणंच बंद केलं. आता तुम्ही बिल मंजूर करायचं आणि सरकारी विमा कार्यालय काळजीवाहूला परस्पर पैसे देणार. आणि ते सुरू करताना असा घोळ झाला की त्या वर्षाच्या सुरुवातीला कित्येक काळजीवाहूंचे पगार रखडले.

माझा प्रश्न साधा आहे. फसवणूक रुग्णांनी कमीच केली असेल, ती त्यांच्या आजूबाजूच्यांनी केली. ज्याला संरक्षण हवं त्याच्याच हातात चेकबुक देऊन तुम्ही लांडग्यांना पत्ता देताय का?

सायंतारा
हिशेबनीस, माहिती बरोबर आहे. पण त्यातून निघणारा धडा 'पैसे देऊ नका' असा नसून 'पैसे कोणत्या वाटेने द्यायचे' असा आहे. मी इंग्लंडमध्ये राहते आणि लोकांच्या अशा योजना लिहून द्यायला मदत करण्याचं काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लावते.

तिथे तीन वाटा आहेत. एक, पैसा यंत्रणेकडेच राहतो, तुम्ही फक्त काय हवं ते सांगता आणि ते व्यवस्था करतात. दोन, एखादी त्रयस्थ संस्था तुमच्या वतीने पैसा सांभाळते. तीन, थेट तुमच्या वेगळ्या खात्यात. तिन्ही वाटांना 'स्वतःच्या उपचारांची दिशा ठरवणं' म्हणतात. चेकबुक फक्त तिसरीत येतं. दारू, तंबाखू, जुगार, कर्जफेड आणि बेकायदा काहीही, यांवर पूर्ण बंदी.

२००९ ते २०१२ या काळात तिथे याची चाचणी झाली, सुमारे २,००० लोक होते. त्यात मानसिक आजार हा एक गट होता, शिवाय मधुमेह, पक्षाघात, फुप्फुसाचे जुनाट आजार वगैरे. लोकांचं जगणं सुधारलं, मनाचं स्वास्थ्य सुधारलं. वैद्यकीय मोजमापांत मात्र ठळक फरक दिसला नाही. मानसिक आजाराच्या गटात हा खर्च परवडणारा ठरला. डिसेंबर २०१९ पासून, मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने भरती होऊन बाहेर आलेल्या आणि ज्यांना पुढच्या काळजीचा कायदेशीर हक्क आहे अशा लोकांना हे बजेट मिळण्याचा अधिकारच दिला.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. एक माणूस आला (तपशील बदललेत). त्याला आवाज ऐकू यायचे, बसमध्ये जास्त. त्याने मागितलं काय? बाहेरचा गोंगाट बंद करणारे चांगले हेडफोन. समितीत तासभर चर्चा. हेडफोन म्हणजे चैनीची वस्तू, उद्या सगळेच मागतील. त्याच समितीने त्याच बैठकीत त्याला घरून केंद्रात न्यायला-आणायला वर्षभराची टॅक्सी बिनबोभाट मंजूर केली, कारण 'वाहतूक' असा रकाना फॉर्ममध्ये आधीपासून होता. टॅक्सीचा खर्च कितीतरी पट. शेवटी हेडफोन मिळाले, टॅक्सी त्याने स्वतःहून सोडली. बसमध्ये बसता आलं की माणूस केंद्राखेरीज इतर ठिकाणीही जातो.

डॉ_खुसपट
मी मनोविकारतज्ज्ञ. हेडफोनची गोष्ट छान आहे, आणि असे रुग्ण मीही पाहिलेत. पण दुसऱ्या प्रकारचेही पाहतो.

तीव्र मनोविकारात 'मला आजारच नाही' असं वाटणं हा कित्येकदा आजाराचाच भाग असतो. उन्मादात माणूस दोन दिवसांत बचत संपवतो, आणि संपवताना त्याच्याइतका सुसंगत बोलणारा कोणी नसतो. ज्या आठवड्यात निर्णय सगळ्यात महत्त्वाचा, नेमकी त्याच आठवड्यात निर्णयशक्ती डळमळलेली. हा पैसा लोकांच्या करातून येतो. एकाला पोहण्याचा वर्ग दिला तर दुसऱ्या कुणाची मानसोपचाराची प्रतीक्षा लांबते, पेटी एकच आहे. ज्या उपचाराला पुरावा आहे त्यावर खर्च करावा, एवढंच म्हणणं आहे. उद्या कुणी स्फटिक आणि पिरॅमिड मागितले तर मी सही करू?

निवडुंग
डॉक्टरसाहेब, पुरावा हवा तर दिवसभर कार्डं रंगवण्याचा पुरावा कुणी कधी मागितला होता का? सहज विचारतोय.

टिपकागद
+१ निवडुंग.

पुरावाच हवा असेल तर टेक्सासमधला घ्या. गंभीर मानसिक आजार असलेल्या २१६ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला स्वतः ठरवायचं बजेट आणि सोबत सल्ला देणारा माणूस, दुसऱ्याला नेहमीच्या सेवा. दोन वर्षं पाहिलं, २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. बजेटवाला गट आजारातून सावरण्याची भावना, आत्मसन्मान, अडचणींना तोंड देणं, नोकरी आणि शिक्षण या सगळ्यांत पुढे. एकूण खर्चात दोन गटांत फरक नाही.

डॉ_खुसपट
वाचलाय तो अभ्यास, चांगला आहे. पण २१६ जण, आणि तेही अशा प्रयोगात यायला स्वतःहून तयार झालेले. मला ज्यांची काळजी आहे ते संमतिपत्रावर सहीच करत नाहीत.

अर्धविराम
बराच वेळ नुसतं वाचत होते. मला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद, कधी खोल नैराश्य. डॉक्टर, तुम्ही ज्या 'दोन दिवसांत बचत संपवणाऱ्या' माणसाबद्दल लिहिलंय, ती मी आहे. बचत, आणि वर थोडं कर्जही.

तरीही मी पारंबीच्या बाजूने आहे, आणि कारण भाबडं नाही.

मी वर्षातले बहुतेक महिने तुमच्याइतकीच शहाणी असते. त्या महिन्यांत मी एक कागद लिहून ठेवलाय. त्यात असं आहे: मी सलग दोन रात्री तीननंतर मेल पाठवायला लागले, किंवा एका आठवड्यात दोन नवे धंदे सुरू करायच्या गोष्टी बोलायला लागले, की माझ्या बहिणीने कार्ड ताब्यात घ्यायचं. मी भांडेन. मी म्हणेन की तू माझ्यावर जळतेस. तरी घ्यायचं. पोहण्याची फी मात्र थांबवायची नाही, कारण पाण्यात मी बडबड करू शकत नाही. अमुक गोळी नको, तिच्याने हात थरथरतात आणि मी ती लपवते, तमुक चालेल.

हे माझ्यासाठी दुसऱ्या कुणाला लिहिता आलं असतं का? कुठल्या फॉर्ममध्ये 'बहिणीवर जळते असा आरोप करेल' हा रकाना आहे? वाईट आठवड्यातला निर्णय चांगल्या आठवड्यातल्या मीच घेऊन ठेवलाय. डॉक्टर, तुम्ही वाईट आठवडा पाहता, कारण चांगल्या आठवड्यात मी तुमच्याकडे येतच नाही.

उचापती
अर्धविराम, दंडवत. माझी वरची कोटी मागे घेत नाही, पण जरा लाजल्यासारखं झालं.

कलमवाली
अर्धविराम यांनी लिहिलंय त्याला भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कायदेशीर जागा आहे. कलम ५ प्रमाणे कोणीही सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते की मला असे उपचार हवेत, असे नकोत. कलम १४ प्रमाणे आपला प्रतिनिधी नेमता येतो. तातडीच्या उपचारांना हे लिखित लागू होत नाही.

गंमत बघा: तिथे ठरवण्याचा हक्क आहे, पण त्यामागे पैसा नाही. हॉलंडमध्ये पैसा होता, पण त्याची वाट नीट बांधलेली नव्हती. या दोन गोष्टी कुणी एकत्र शिवल्या तर बरं होईल.

डॉ_खुसपट
अर्धविराम, तुमचा कागद मला वाचायला आवडेल. मनापासून.

पण आणखी खुसपट काढतो, नाव सार्थ करायला हवं. इंग्लंडमध्ये रुग्ण आणि डॉक्टर मिळून आधीच आपत्कालीन योजना लिहितात, त्याची ५६९ जणांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सक्तीच्या भरतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. कागद असणं पुरत नाही.

सायंतारा
बरोबर, आणि तो का पडला नाही हेही त्यातच आहे. बऱ्याच ठिकाणी त्या बैठका ठरल्याप्रमाणे झाल्याच नाहीत. डॉक्टर मंडळींना ते नेहमीच्याच कागदांतलं आणखी एक काम वाटलं. योजना लिहिताना समोरचा माणूस घड्याळ बघत असेल तर ती रुग्णाची योजना होत नाही.

बजेटचंही तसंच. मी पाहिलेल्या ज्या योजना चालल्या, त्यांत एक गोष्ट समान होती: लिहायला बसलेला माणूस घाईत नव्हता. बऱ्याचदा तो स्वतः त्या आजारातून गेलेला होता. "तुला काय हवंय?" या पहिल्या प्रश्नावर बहुतेक जण "काही नाही" म्हणतात. वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नसतं. खरं उत्तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतं. सरकारं पैशाचा भाग जोरात जाहीर करतात आणि या चार भेटींचा खर्च कापतात.

गवतफूल
मी एक वेगळाच काटा मांडते. माझे वडील खोल नैराश्यात होते तेव्हा आलेली पत्रं उघडायचे नाहीत. फ्रिजच्या मागे लिफाफ्यांचा गठ्ठा सापडला, त्यात उपचारांच्या मंजुरीचं पत्रही होतं, मुदत संपलेलं. अशा माणसाला तुम्ही सांगणार की पावत्या जपून ठेव, दर महिन्याला तक्ता भर, नाहीतर पैसे परत?

आणि सोबतीला माणूस ठेवला तर रुग्ण मालक होतो. पगार, रजा, विमा, आजारपणाची सुट्टी. मालक स्वतःच खाटेवर असताना मदतनीसाने राजीनामा दिला तर बदली कोण शोधणार? संशयाच्या झटक्यात मालकानेच त्याला हाकलला तर? स्वातंत्र्य म्हणून जे हाती देताय ती एक छोटी कचेरी आहे.

हिशेबनीस
गवतफूलताई, नेमकं. मला फसवणुकीपेक्षा याचीच भीती जास्त. प्रामाणिक माणूस पावत्यांत बुडतो.

ऑस्ट्रेलियाने यावर एक बरा तोडगा काढलाय. तिथल्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा कायदा २०१३ चा, आणि दीर्घ मानसिक आजारामुळे येणारं अपंगत्वही त्यात बसतं. कुणाकडून सेवा घ्यायची हे तुम्ही ठरवायचं. बिलं चुकती करायला, हिशेब ठेवायला 'प्लॅन मॅनेजर' असतो आणि त्याचं मानधन योजनेतच वेगळं धरलेलं असतं, तुमच्या सेवांतून कापत नाहीत. निवड एकाची, कारकुनी दुसऱ्याची. त्या योजनेचाही खर्च अपेक्षेबाहेर वाढलाय आणि तिथेही वाद आहेतच, पण एवढी एक फोड मला पटते.

निवडुंग
अवांतर: घरच्यांनाच पगार देता येतो का? बायको म्हणतेय, मला सांभाळण्याची थकबाकी किती निघेल ते विचार.

सायंतारा
निवडुंग, हसून हसून पुरेवाट. हॉलंडमध्ये घरच्यांना देता येतो. इंग्लंडमध्ये एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला सहसा देत नाहीत, खरंच पर्याय नसेल तरच. थकबाकी कुठेच देत नाहीत, वहिनींना सांगा.

गवतफूल
यात गमतीपलीकडचा प्रश्न आहे. आईला पगार सुरू झाला की मुलाने "मला आता वेगळं राहायचंय" म्हणणं अवघड होतं. घराचं उत्पन्नच त्याच्या आजारावर चालू झालेलं असतं. आणि पगार दिला नाही तर आई फुकट राबते. मला यावर उत्तर सुचलेलं नाही.

मूकनायिका
सगळे चांगलं लिहिताय, पण एक बाजू सुटतेय. 'तुम्हीच ठरवा' ही सरकारला हात झटकण्याची सोयही असते. आधी केंद्र बंद करायचं, मग म्हणायचं की हे घ्या पैसे, तुम्हाला हवं ते विकत घ्या. आजूबाजूला विकत घेण्याजोगं काही नसेल तर? ज्या भागात एकच मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक शून्य, तिथे निवड कशातून करायची? शिवाय बजेट म्हणजे मर्यादाही. वर्षाच्या आठव्या महिन्यात संपलं आणि नवव्यात आजार उलटला, की "तुमची निवड चुकली".

कुणाला जास्त मिळतं तेही बघा. ज्याला फॉर्म भरता येतो, ज्याची बहीण भांडखोर आहे, त्याला. (पारंबी, हे कौतुकाने म्हणतेय.)

टिपकागद
मूकनायिका, एकच केंद्र असलेल्या भागात पैसा त्या केंद्राकडे आपोआप जाणार हे माहीत असेल तर ते केंद्र सुधारेल कशाला? थोडा तरी पैसा रुग्णामागे फिरला तर कुणीतरी दुसरं काही सुरू करेल.

मूकनायिका
टिपकागद, बाजार आपोआप उगवतो हे हिशेबनीसांच्या हॉलंडमध्येही खरं ठरलं. उगवले कोण? दलाल. दोन्ही हवं: केंद्रही चालू ठेवा, पैसाही द्या. पण दोन्हीचा खर्च म्हटला की सरकारी खात्यातले लोक चहूबाजूंनी खोकायला लागतात.

ओसरी
धागा उशिरा वाचला. पारंबीताई, एवढं सगळं झालं, तुमच्या भावाला काय हवंय?

पारंबी
ओसरी, काल रात्री विचारलं. सायंतारा म्हणतात तसं आधी "काही नाही". आज सकाळी स्वतःहून येऊन म्हणाला, "पैसे नकोत. शनिवार-रविवारी फोन उचलणारं कुणीतरी हवं."

मी म्हटलं, मी उचलते की. तर म्हणाला, तू घाबरतेस, मग मला तुला समजवावं लागतं.

आता सांगा, हे कुठल्या बजेटमधून आणू? सेवा देणाऱ्या सगळ्यांची कार्यालयं शुक्रवारी संध्याकाळी बंद होतात.

अर्धविराम
"मग मला तुला समजवावं लागतं." माझ्या बहिणीला दाखवते हे.

सायंतारा
पारंबी, एकट्याच्या बजेटमधून हे बसत नाही, पण चार-पाच जणांचं जमतं. लोक आपापल्या बजेटचा काही भाग एकत्र करतात आणि मिळून एक माणूस नेमतात, शक्यतो स्वतः या आजारातून गेलेला. तुमच्या गटात शनिवार-रविवारची अडचण आणखी कुणाची आहे ते विचारा. असणारच. माणूस निवडताना मुलाखतीला तुमचा भाऊ बसू दे. फोन त्यालाच करायचाय.

डॉ_खुसपट
याला माझी सही चालेल. एक अट: तो फोन उचलणाऱ्याला गरज पडली तर कुणाला फोन करायचा हे लिहून ठेवा. रविवारी रात्री त्याला एकटं सोडू नका. आणि आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर काय, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असू दे, तेही फोन करणाऱ्याला माहीत असताना.

मूकनायिका
आणि त्याला रजा द्या. दोघं नेमा, आलटून पालटून. नाहीतर सहा महिन्यांत तो स्वतःच रुग्ण म्हणून अर्ज घेऊन येईल.

पारंबी
गटात सात घरं आहेत. आत्ताच विचारलं, चौघांनी लगेच हात वर केला, त्यात परवा सगळ्यात मोठ्याने विरोध करणारे काका पहिले. ते म्हणतात, पैसे मुलाच्या हातात अजिबात नकोत, पण फोनवाला माणूस मुलानेच निवडावा. हे काकांना सुसंगत वाटतंय, मी वाद घातला नाही. मसुदा करायला घेतेय.

हिशेबनीस
मसुदा इथेच टाका. चार घरांच्या वर्गणीचा तक्ता मी करून देतो. पैसा त्रयस्थाकडे ठेवा, चौघांपैकी कुणाच्याही खात्यात नको, काकांच्या तर नकोच. पावत्या तीन महिन्यांतून एकदा आणि त्याही फोनवर फोटो काढून. लिफाफे नकोत, गवतफूलताईंच्या वडिलांचं लक्षात आहे.

उचापती
मुलाखतीत एक प्रश्न माझ्यातर्फे: रविवारी सकाळी सहा वाजता फोन आला तर आवाज कसा असेल, करून दाखवा.